नाकांतली चमकी

पालघर जिल्ह्यांतील मोखाडा तालुक्यांत सूर्यमाळ नांवाचें गांव आहे. नांवाप्रमाणेंच तो एक उंच माळ आहे. खोडाळ्याच्या बाजूनें वर चढत गेलें म्हणजे हवा पालटते, डोंगरउतारावर नागलीचीं आणि वरईचीं शेतें दिसूं लागतात, आणि पावसाळ्यांत तर ढग अंगणांतच येऊन बसल्यासारखे वाटतात. वारली, ठाकर, महादेव कोळी, कोकणा, कातकरी अशा लोकांची या मुलखांत वस्ती आहे. माणसें कष्टाळू, गरजा थोड्या, आणि अंगावरचें सोनें तर फारच थोडें. पण तें थोडें सोनें जेथें हमखास सांपडावयाचें, ती जागा म्हणजे घरांतील बायकांचें नाक.

आतां अशी कल्पना करावी, कीं या माळावरील एका घरांत पहिलटकरीण सून आहे. रात्रीचे दोन वाजले आहेत, बाहेर पावसाची झड लागली आहे, आणि तिला कळा येऊं लागल्या आहेत. गांवांतील आशाताई येऊन सांगतात, "हिला मोखाड्याला न्या. तेथून कदाचित् जव्हारलाही न्यावें लागेल. शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर अंगावर धातूचें कांहीं नको. दागिने घरींच उतरून ठेवा." बांगड्या उतरतात, जोडवीं उतरतात, गळ्यांतलेंही उतरतें. नाकांतली चमकी मात्र उतरत नाहीं. लग्नांत घातली तेव्हांपासून तिची फिरकी हललेली नाहीं. सासू म्हणते, "बाय, जरा सोस," आणि तेलाचें बोट लावते. नवरा पक्कड घेऊन पुढें येतो. दीर दारांतून गाडी आल्याची हांक मारतो. पोरीच्या डोळ्यांना धार लागते, नाक लाल होतें, आणि चमकी जिथल्या तिथें !

अशा वेळीं काय करावें आणि काय करूं नये, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. वस्तु बाजरीच्या दाण्याएवढी; पण तिच्यापायीं जें घडूं शकतें, तें मात्र लहान नाहीं. आणि हा प्रश्न केवळ डोंगरांतल्या लोकांचा आहे, असेंही कोणी समजूं नये. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांत तोच निराळ्या वेषानें येतो. आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरते, मावशीची चुंबकीय यंत्रावर तपासणी व्हावयाची असते, किंवा लग्नाच्या हौसेनें टोचून घेतलेलें मुलीचें नाक आठ दिवसांत सुजून येतें, आणि मग आरशासमोर सगळें घर गोळा होतें.

महाराष्ट्रांत नाकांतील दागिन्याचें स्थान किती जिव्हाळ्याचें आहे, हें सांगावयास नको. मोत्यांची नथ, खड्याची चमकी, नाजूक मोरणी, हीं सारीं त्या एका लहानशा जागेचीं लेणीं. आपल्याकडे तीं बहुधा डाव्या नाकपुडींत घालतात. तथापि हा दागिना वाटतो तितका पुरातन मात्र नाहीं. अजिंठ्याच्या चित्रांतील स्त्रियांच्या कानांत, गळ्यांत, दंडांत आणि कमरेला अलंकारांची रेलचेल आहे. नाक तेवढें मोकळें आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील विद्वान् परशुराम कृष्ण गोडे यांनीं नथीच्या प्राचीनतेचा शोध घेणारा निबंध लिहिला होता. प्राचीन संस्कृत वाङ्मयांत नथीचा स्पष्ट पुरावा मिळत नाहीं, याकडे त्यांनीं लक्ष वेधलें. म्हणजे ही चाल मध्ययुगांत रुजली आणि पुढें इतकी घट्ट बसली, कीं नथीवांचून महाराष्ट्रीय नवरीची कल्पनाच करवेना. ज्या घरांत मुलें जगत नसत, तेथें नव्या मुलग्याचेंही नाक टोचून त्याला नथू म्हणण्याची रीत होती. दागिना एवढा आपलासा झाल्यावर तो उतरवण्याची विद्याही आपलीशी असावयास हवी होती. पण टोचण्याचा समारंभ झाला, काढण्याचा मात्र विचार कोणी केला नाहीं.

प्रथम हें पाहूं, कीं शस्त्रक्रियेपूर्वी दागिना काढावयास कां सांगतात. हा रुग्णालयाचा निव्वळ रिवाज नव्हे. भूल देतांना कित्येकदां नाकातोंडावर मुखवटा बसवावा लागतो, घशांत नळी घालावी लागते. त्या गडबडींत फिरकी निसटली, तर ती बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. दुसरें असें, कीं शस्त्रक्रियेंत रक्त थांबविण्यासाठीं विजेचें उपकरण वापरतात, आणि अंगावरील धातूमुळें तेथील कातडी भाजण्याचा संभव थोडा तरी राहतो. तिसरें, अंगावर सूज चढली तर दागिना मांसांत रुततो. चुंबकीय तपासणींत तर लोखंडी अंश असलेला धातु ओढला जाऊं शकतो किंवा तापूं शकतो. हीं कारणें एकदां समजलीं म्हणजे काढा म्हणणाऱ्या परिचारिकेचा राग येत नाहीं.

पण प्रत्येक वेळीं घरीं दागिना काढणें योग्य असतेंच असें नाहीं. तीन प्रसंगीं हात आवरावा.

पहिला प्रसंग, नाक नुकतेंच टोचलेलें असतें तेव्हांचा. नाकपुडीच्या टोचलेल्या भागांत बहुधा कूर्चा, म्हणजे मऊ हाड असतें. वरून जखम पंधरा दिवसांत सुकल्यासारखी दिसली, तरी ती आंतून भरून यावयास दोन ते चार महिने, आणि कांहींना त्याहूनही अधिक काळ लागतो. तोंवर दागिना काढला, तर छिद्र कांहीं तासांतच आंखडूं लागतें, आणि तो पुन्हां घालतांना नवी जखम होते. दुसरा प्रसंग, नाक पिकलें असेल तेव्हांचा. लाली, ठणका, ऊब, पू आणि ताप अशीं लक्षणें दिसलीं, कीं घरचीं माणसें पहिली धांव दागिन्यावर घेतात. वस्तुतः तो काढल्यावर छिद्राचें तोंड मिटून पू आंत कोंडूं शकतो. अशा वेळीं दागिना तसाच ठेवून डॉक्टरांकडे जावें. काढावयाचा कीं नाहीं, तें त्यांनीं ठरवावें. नाक आणि वरचा ओठ यांच्या भोंवतालच्या शिरांचा संबंध मेंदूकडील शिरांशीं आहे, म्हणून येथील वाढत्या सुजेची हयगय करूं नये. तिसरा प्रसंग, दागिन्याचें फूल किंवा फिरकी मांसांत रुतून वर कातडी चढली असेल तेव्हांचा. तें काम सोनाराचेंही नव्हे आणि नवऱ्याचेंही नव्हे. तें डॉक्टरांचें आहे.

हे तीन प्रसंग वगळले, आणि छिद्र जुनें व निरोगी असलें, तर दागिना घरीं काढण्यास हरकत नाहीं. मात्र घाई नसतांना, उजेडांत, आणि स्वस्थ बसून.

पूर्वतयारी अशी असावी. काढणारीनें साबणानें हात चांगले धुवावेत आणि कोरडे करावेत. नखें वाढलेलीं असल्यास कापावींत. एक पेलाभर, म्हणजे सुमारें पाव लिटर पाणी उकळून कोमट होऊं द्यावें, आणि त्यांत चहाचा पाव चमचा मीठ विरघळवावें. त्या पाण्यांत भिजविलेला स्वच्छ कापडाचा तुकडा किंवा कापूस नाकपुडीवर बाहेरून पांच मिनिटें धरावा. याच्या योगानें चमकीभोंवती सुकून बसलेला मळ सुटतो. बहुतेक दागिने सोन्यानें नव्हे, तर या मळानेंच अडकलेले असतात. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर खोबरेल तेलाचा एक थेंब फिरकीच्या सांध्याशीं सोडावा आणि थोडा वेळ जाऊं द्यावा. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तेल सांध्याला लागावें, बोटांना नव्हे. घरोघर उलट होतें. बोटें तेलानें माखतात, आणि मग चिमटींत धरलेली फिरकी निसटत राहते. तेल सोडल्यावर बोटें पुसून पुन्हां कोरडीं करावींत.

बसावयाचें कसें, हेंही महत्त्वाचें आहे. पुष्कळ घरांत बाईला उताणें निजवून तिच्या नाकांत पाहतात. हें धोक्याचें आहे. कारण सुटलेली फिरकी सरळ घशाकडे जाते. जिचा दागिना काढावयाचा, तिनें आरशासमोर ताठ बसून मान किंचित् पुढें झुकवावी आणि श्वास तोंडानें घ्यावा. खालीं एक ताट ठेवून त्यांत पांढरें फडकें अंथरावें, म्हणजे पडलेली वस्तु दिसते आणि उडत नाहीं. हात धुण्याच्या भांड्याजवळ हें काम करावयाचें असेल, तर त्याचें भोंक आधीं बुजवावें. किती घरांतल्या चमक्या त्या भोंकांतून गटारास मिळाल्या असतील, याची गणती नाहीं !

आतां प्रत्यक्ष काढणें. आधीं दागिन्याची जात ओळखावी, कारण प्रत्येकाची कळ निराळी असते.

फिरकीची चमकी असेल, तर बाहेरचें फूल एका हाताच्या अंगठ्यानें व तर्जनीनें पक्कें धरावें. दुसऱ्या हाताच्या बोटांनीं नाकपुडीच्या आंतील फिरकी धरून हळूहळू फिरवावी. फिरकीच्या बाजूनें पाहिलें असतां घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें ती सुटते. फूल स्थिर राहिलें पाहिजे, हें यांतलें मर्म आहे. तें सैल सोडलें, तर फिरकीबरोबर आंतली काडीही छिद्रांत फिरते, मळसूत्र सुटत नाहीं आणि कातडी मात्र सोलवटते. बोटें घसरत असल्यास पातळ रबरी मोजे घालावेत किंवा कोरड्या सुती कापडाचा पदर मध्यें घ्यावा. फिरकी सुटली म्हणजे ती आधीं बाहेर काढून ताटांत ठेवावी, आणि मगच फूल सरळ रेषेंत बाहेर ओढावें.

तारेची चमकी असेल, तर तिचें आंतलें टोंक काटकोनांत वळविलेलें किंवा वेटोळ्यासारखें असतें. तिला सरळ ओढूं नये. ज्या वाटेनें ती आंत गेली, त्याच वाटेनें, तारेच्या वळणाबरोबर थोडी थोडी फिरवीत ती बाहेर आणावी. सरळ काडीच्या टोंकाला लहानशी गांठ असेल, तर ती फूल धरून मंद पण सारख्या ओढीनें निघते; हिसका देण्याचें कारण नाहीं.

कडें किंवा नथनी असेल, तर तिचा सांधा शोधावा. सांध्याचीं दोन टोंकें एकमेकांपासून समोरासमोर दूर ओढलीं, तर वर्तुळ बिघडतें आणि तार पिचते. त्याऐवजीं एक टोंक आपल्याकडे व एक टोंक पलीकडे असें बाजूला वळवावें. पुरेशी फट पडली म्हणजे कडें छिद्रांतून वळणाबरोबर फिरवून काढावें. मोत्यांच्या नथीचें वजन प्रथम तळहातावर घ्यावें आणि मग तिची तार छिद्रांतून सोडवावी. नथीला ओझें असतें. ती लोंबती ठेवून काढूं गेल्यास सारा भार छिद्राच्या खालच्या कडेवर येतो, आणि वर्षानुवर्षें अशीच ओढ बसलेलीं नाकें खालीं चिरत गेलेलीं पाहावयास मिळतात. न टोचलेल्या नाकावर बसणारी दाबाची नथ असेल, तर तिची पकड दोन्ही बाजूंनीं सैल करूनच ती उचलावी. खालीं खेंचूं नये.

या सर्वांत एक नियम समान आहे. दुखूं लागलें, कीं थांबावें. पक्कड, सांडशी, चिमटा, सुई हीं हत्यारें नाकाजवळ आणूंच नयेत. तार घरच्या कात्रीनें तोडणें तर सर्वांत वाईट. तुटक्या टोंकाचा करवतीसारखा कांठ होतो, आणि उरलेला भाग आंतच राहतो. थोडें रक्त आलें, तर स्वच्छ कापडानें दहा मिनिटें सारखें दाबून धरावें. मधून मधून उचलून पाहूं नये.

इतकी काळजी घेऊनही कधीं फिरकी नाकांत वर सरकते. त्या क्षणीं घाबरून श्वास वर ओढण्याची जी स्वाभाविक क्रिया होते, तीच घातक आहे. तोंडानें श्वास घ्यावा, मान पुढें झुकवावी, दुसरी नाकपुडी बोटानें बंद करावी आणि हलकेच शिंकरावें. एकदोन वेळां शिंकरून वस्तु आली नाहीं, तर बोट किंवा काडी घालून तिला आणखी आंत लोटूं नये, रुग्णालयांत जावें. लहान मुलांच्या बाबतींत तर घरीं खटपट करण्याच्या फंदांत न पडणेंच बरें. आणि ठसका लागला, श्वासांत शीळ वाजूं लागली किंवा दम कोंडूं लागला, तर वस्तु खालीं उतरली असें समजून तत्काळ निघावें. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेची सोय आहे, ती अशाच वेळेसाठीं.

दागिना निघाल्यावर छिद्राच्या दोन्ही बाजू मिठाच्या कोमट पाण्यानें पुसाव्यात आणि कोरड्या कराव्यात. हळद, राख, शेंदूर अशा वस्तूंचा लेप देऊं नये. जखमेंत त्या मळाचेंच काम करतात. तीव्र औषधी द्रव ओतण्याचीही आवश्यकता नाहीं. नव्यानें येणारी नाजूक कातडी त्यानें भाजते. छिद्र बुजूं नये म्हणून खराट्याची किंवा कडुनिंबाची काडी घालण्याची चाल खेड्यांत आहे. काडी स्वच्छ नसते, ती फुगते, तिचें कूस आंत राहतें. म्हणून ती सोडावी हें उत्तम. जुनें छिद्र दोन दिवसांत सहसा बुजत नाहीं, आणि बुजलेंच तर पुढें पुन्हां टोचतां येतें. जखम झाली असेल, तर धनुर्वाताची लस केव्हां घेतली होती, तें डॉक्टरांना अवश्य सांगावें. काढलेला दागिना साबणाच्या पाण्यांत मऊ ब्रशानें घासून, कोरडा करून, फिरकी त्याच्याच काडीला लावून डबींत ठेवावा. फिरकी वेगळी ठेवली, कीं ती हरवलीच म्हणून समजावें.

सर्वांत उत्तम उपाय मात्र आधींचाच आहे. वर्षांतून दोनतीन वेळां, न्हाणें झाल्यावर कातडी मऊ असतांना, चमकी काढून धुऊन पुन्हां घालावी. जी फिरकी अधूनमधून हलते, ती अडचणीच्या वेळीं अडत नाहीं. घरांत गरोदर सून किंवा लेक असेल, तर सातव्या महिन्यांतच हें काम उरकून घ्यावें. ओटीभरणाच्या तयारींत हा एक लहानसा विधि वाढला, तर शास्त्राला बाध येणार नाहीं.

या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती टाळून भाषण पुरें होणार नाहीं. आपल्या समाजांत दागिना सुखासमाधानानेंच उतरतो असें नाहीं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईच्या अंगावरचीं सौभाग्यलेणीं चारचौघांत उतरवण्याची रूढि होती, आणि अजून कित्येक ठिकाणीं आहे. दुःखानें अर्धमेल्या झालेल्या बाईच्या हातांतल्या बांगड्या दुसऱ्याच कुणीतरी फोडावयाच्या, नाकांतला दागिना ओढावयाचा, यासारखें निर्दय काढणें दुसरें नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांतील हेरवाड या गांवानें मे २०२२ मध्यें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य शासनानें इतर ग्रामपंचायतींनींही हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलें. सुरक्षितपणें काढणें म्हणजे केवळ रक्त न येऊं देणें नव्हे. जिच्या अंगावरचा दागिना, तिच्या मनानें, तिला विचारून, आणि शक्य तर तिच्याच हातानें तो उतरला पाहिजे.

आतां पुन्हां सूर्यमाळकडे वळूं. रात्र तीच आहे, पाऊस तोच आहे, आणि चमकी अजून नाकांतच आहे. अशा घरांतल्या माणसांनीं काय करावें ? उत्तर अगदीं सोपें आहे. पक्कड खाली ठेवावी, सुनेच्या अंगावर घोंगडी घालावी, आणि तिला चमकीसकट गाडींत बसवावें. मोखाड्याचें ग्रामीण रुग्णालय असो, कीं जव्हारचें पतंगशाह कुटीर रुग्णालय असो, तेथें पोंचतांच पहिलें वाक्य बोलावें, "नाकांत चमकी आहे, निघत नाहीं." बस्स. डॉक्टरांना तें आधीं कळलें म्हणजे पुरे. काढण्याचीं साधनें आणि सराव तेथें असतो, आणि काढणें शक्यच नसेल तर तिच्यावर पट्टी चिकटवून कशी काळजी घ्यावयाची, हेंही त्यांना ठाऊक असतें. लपवून ठेवलेली चमकी अपाय करते, सांगितलेली चमकी सहसा करीत नाहीं.

आईच्या आणि बाळाच्या जिवाची वेळ मिनिटांनीं मोजावयाची असते. घाटाच्या रस्त्यावर पावसांत तीं मिनिटें आधींच पुष्कळ खर्च होतात. त्यांतलीं वीस मिनिटें घरांत एका फिरकीशीं झुंजण्यांत घालवणें परवडत नाहीं. सोनें निघालें नाहीं तरी चालेल, गाडी निघाली पाहिजे. बाळबाळंतीण सुखरूप घरीं आली, म्हणजे सकाळच्या उन्हांत ओटीवर बसून, कोमट पाणी घेऊन, ती चमकी सावकाश काढतां येईल. आणि सासूबाईंनीं ती आपल्या हातानें पुन्हां घातली, तर तो सोहळा नाक टोचण्याच्या सोहळ्याहून कांहीं कमी गोड होणार नाहीं.